साय (पॉमेरेनियन, सव्वादोन वर्षं): स्वभाव, निगा आणि एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत का?

मृण्मयी_सांगली | ३ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज विचारल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे साय आहे. पॉमेरेनियन मादी, दुधावरच्या सायीच्या रंगाची, म्हणून हे नाव. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. आणली तेव्हा विकणाऱ्याने "टीकप आहे ताई, एवढीच राहणार" असं सांगितलं होतं आणि आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं होतं.

घरात ती सगळ्यांची लाडकी, पण ती स्वतः फक्त माझ्या सासूबाईंची. आई पूजेला बसल्या की ही पाटाच्या कडेवर हनुवटी टेकून बसते, आरती होईपर्यंत हलत नाही. मात्र लिफ्टचं दार वाजलं की अख्खा मजला दणाणून सोडते. खाली नेलं तर तिच्या दसपट मोठ्या कुत्र्यावर धावून जाते. पट्टा ओढला की खोकते, तो आवाज बदकासारखा येतो. अंगणात पळताना मध्येच मागचा एक पाय दोन-तीन पावलं उचलून धरते, मुलं म्हणतात साय लंगडी खेळते. उन्हाळ्यात तिला फार धाप लागते, म्हणून सगळे केस मशीनने उतरवावेत असं मनात आहे. खाणं दूध-पोळी, वरणभात, अधूनमधून उकडलेलं अंडं.

आता मुख्य प्रश्न. खालच्या मजल्यावर नारिंगी रंगाचा देखणा नर आहे आणि त्यांच्याकडून विचारणा झाली आहे. पिल्लं झाली तर पसंतीचं पहिलं त्यांचं, बाकीची आमची. एकदा व्यायल्याशिवाय मादी निरोगी राहत नाही असं घरात सगळेच म्हणतात. महिन्या-दीड महिन्यात ती पुन्हा माजावर येईल. काय करावं?

अवधूत_कोथरूड | ३ जून, रात्री ११.२५

मृण्मयीताई, पिल्लांचं उद्या बोलू. आधी एक काम आजच करा, गळ्यातला पट्टा काढून टाका. छातीवरून जाणारा हार्नेस आणा. बदकासारखा खोकला हे या जातीत श्वासनलिका मऊ पडल्याचं लक्षण असू शकतं. नळीला आधार देणाऱ्या कुर्च्यांच्या कड्या दुबळ्या होतात, त्यावर दाब आला की नळी चपटी होते. माझ्या पहिल्या पॉमला हा त्रास नवव्या वर्षी लक्षात आला, तोवर आम्ही "घशात केस अडकला असेल" म्हणत राहिलो.

तुम्ही लिहिलंत की ती पूजेच्या वेळी पाटाशी बसते. उदबत्ती आणि धुपाचा धूर अशा नळीला अजिबात सोसत नाही. आईंना सांगून पाहा, उदबत्ती दुसरीकडे लावता आली तर खोकल्यात फरक पडेल.

भुंकण्याबद्दल. हे कुत्रं दिसायला खेळण्यासारखं असलं तरी रक्त राखणदाराचं आहे. त्याला आपण वीतभर आहोत हे ठाऊकच नसतं, म्हणून मोठ्या कुत्र्यावर धावून जातं. भुंकायला लागल्यावर उचलून कडेवर घेऊ नका, तिला ते बक्षीस वाटतं. लिफ्ट वाजली, ती क्षणभर जरी गप्प राहिली, की त्याच क्षणी तोंडात छोटासा खाऊ. दिवसाकाठी दहा वेळा, महिनाभर. रागावून काही होत नाही, कारण तिला वाटतं तुम्हीही तिच्याबरोबर ओरडताय.

रानवारा_नाशिक | ४ जून, सकाळी ७.०५

अवधूतरावांशी सहमत. मी बारा-तेरा वर्षं पॉमचीच पैदास करतो आहे, वर्षाला जेमतेम दोन विणी, त्यामुळे जरा सविस्तर लिहीन, पण ते संध्याकाळी. तोवर ताई, तिचे केस मशीनने उतरवू नका. या जातीला दोन थर असतात, आत दाट लव आणि वर ताठ लांब केस. मधली हवा थंडीप्रमाणे उन्हापासूनही अंग राखते. एकदा मुळापासून कापले की काही पॉमचे केस महिनोन्महिने येत नाहीत, आणि आले तरी ठिगळं ठिगळं येतात. जटा काढा. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या आत कंगवा थेट कातडीपर्यंत पोचला पाहिजे, वरवर ब्रश फिरवून उपयोग नाही. दुपारी फरशी ओली करून पंखा लावा, फिरवणं सकाळी सहाच्या आत.

आणि ती लंगडी. तो खेळ नाहीये. डॉक्टरांना मागच्या गुडघ्यांच्या वाट्या तपासायला सांगा.

शेगावकर | ४ जून, सकाळी ९.३०

वाचून जीव कसानुसा झाला. आमच्याकडे १९८७ साली 'पामेरियन' होता, पांढराशुभ्र, नाव मोती. सात-आठ किलोचा. विदर्भातला मे महिना त्याने बारा वर्षं काढला, डॉक्टरकडे गेला तो फक्त रेबीजच्या लसीला. त्याच्याही खाण्यात वरणभातच होता. पॉमेरेनियन एवढा नाजूक कधी झाला?

बाल्टिक_किनारा | ४ जून, दुपारी ३.१५

शेगावकर काका, तुमचा मोती बहुधा इंडियन स्पिट्झ असणार. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांची ती भारतात रुजलेली शाखा. परदेशी कुत्री आणणं अवघड होतं त्या दशकांत घरोघरी तीच होती, आणि सगळे तिला पामेरियनच म्हणायचे. साय आहे ती वेगळी.

मी जर्मनीत राहते, रोस्टोकजवळ. इथून पूर्वेला पोमेरेनिया, म्हणजे बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याचा पट्टा, आज थोडा जर्मनीत आणि बहुतेक पोलंडमध्ये. नाव तिथून आलं. पण तिथली मूळ कुत्री लहान नव्हती. १७६७ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाच्या राणी शार्लटने इंग्लंडला नेलेली जोडीही मोठीच होती. इंग्लिश चित्रकार थॉमस गेन्सबरोने १७७७ च्या सुमारास रंगवलेलं पॉमेरेनियन मादी आणि पिल्लाचं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ती आई चांगली दांडगी, लांब तोंडाची, शेगावकरांच्या मोतीच्या जवळची वाटते.

लहान करण्याचं वेड नंतरचं. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लोरेन्समध्ये मार्को नावाचा पॉम घेतला आणि लोक लहान पॉमच्या मागे लागले. तो 'लहान' मार्को साडेपाच किलोच्या आसपास होता! आज अमेरिकन केनेल क्लबचं (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) मानक ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. इथे त्याला त्स्वेर्गश्पिट्झ म्हणतात, बुटका स्पिट्झ. खांद्यापर्यंत उंची १८ ते २४ सेंटिमीटर. मार्कोच्या मानाने साय एक तृतीयांश आहे. शरीर एवढं आटवलं, पण पिल्लाचं डोकं त्याच प्रमाणात आटलं नाही, हे मला इथल्या एका बाईंनी पाच पिढ्यांचे फोटो दाखवत समजावून सांगितलं होतं.

केशर_इंदूर | ४ जून, सायंकाळी ६.००

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते. आमची गुलाब तीन किलोची होती, अडीच वर्षांची असताना तिला तीन पिल्लं झाली. घरीच, पहाटे, काही त्रास नाही. ते दोन महिने आमच्या घरातले सर्वांत सुंदर दिवस होते. उगाच सगळ्यांना घाबरवू नये.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पिल्लं सोळा दिवसांची असताना गुलाब अचानक थरथरायला लागली, पाय ताठ, तोंड उघडं, अंग तापलेलं. मला वाटलं विषबाधा. डॉक्टर म्हणाले दुधात सगळं कॅल्शियम गेलंय, अर्धा तास उशीर झाला असता तर आकडीत गेली असती. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर वीस मिनिटांत उठून बसली. शेजारणीच्या सांगण्यावरून मी तिला पोटात पिल्लं असतानाच कॅल्शियमचं औषध पाजत होते, तेच अंगलट आलं. बाहेरून भरपूर मिळालं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं.

रानवारा_नाशिक | ४ जून, रात्री ९.५०

केशरताई, हे लिहिलंत फार बरं केलंत. गाभणपणात कॅल्शियम द्यायचं नसतं, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक देतात. आणि तुमची गुलाब तीन किलोची होती, तिथेच अर्धं उत्तर आहे.

मृण्मयीताई, टीकप नावाची जात नाही. कुठलाही केनेल क्लब ती मानत नाही. विणीतलं सर्वांत अशक्त पिल्लू, किंवा दोन अशक्तांचं मुद्दाम लावलेलं पिल्लू, किंवा सहा आठवड्यांचं पिल्लू दहा आठवड्यांचं म्हणून विकलेलं, यांतलं काहीतरी एक त्या शब्दामागे असतं. अशा पिल्लांची टाळू पुष्कळदा भरलेली नसते. पोट चार तास रिकामं राहिलं की साखर उतरून ती लोळागोळा होतात, हिरड्यांना मध चोळून धावत जावं लागतं. तुमची साय एवढी वाढली हे आईंचे हात.

मी अडीच किलोच्या खालची मादी लावत नाही. लावण्याआधी दोघांचे गुडघे, हृदय, डोळे, ब्रुसेलाची (समागमातून पसरणारा, गर्भ पाडणारा जंतू) तपासणी. नर मादीपेक्षा मोठा नको. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे मादी अठरा महिन्यांच्या आत लावता येत नाही, आठ वर्षांनंतर नाही, बारा महिन्यांत एकच वीण, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, आणि विकणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. ज्यांना पिल्लू घ्यायचंय त्यांनी आधी नोंदणीचा कागद मागावा, मग आई बघायला मागावी. आई दाखवायला कां-कूं केली तर तिथून उठावं.

आता व्यायच्या रात्रीचं सांगतो. साधारण त्रेसष्टावा दिवस. पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजलेली असतात, कारण पॉमला बहुतेक वेळा एक ते तीनच होतात, आणि एकटं पिल्लू असेल तर ते पोटात मोठं होऊन अडकतं. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. कुत्र्याचं अंग एरवी १०१-१०२ फॅरेनहाइट असतं, ते ९९ च्या खाली उतरलं की चोवीस तासांत कळा सुरू होतात. मादी कोपरा उकरते, खाणं सोडते. पिल्लू पडद्यासकट येतं. आईने फाडला नाही तर तो आपण फाडायचा, तोंड-नाक पुसायचं, टॉवेलात धरून खसखसा चोळायचं, ओरडेपर्यंत चोळायचं. नाळ उकळलेल्या दोऱ्याने पोटापासून बोटभर सोडून बांधायची. मग काटा. माझ्याकडे स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा आहे, त्यावर रुमाल घातलेली वाटी आणि वाटीत पिल्लू. शंभर-सव्वाशे ग्रॅम. तो आकडा रोज वाढला पाहिजे. एक दिवस जरी उतरला तरी त्या रात्री मी झोपत नाही, कारण पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही आणि थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.

जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट पाणी गेलं, तर घरी थांबायचं नाही. वार सुटल्याची ती खूण आहे. गाडीत टाकी भरलेली, आणि रात्री सिझर करणारा डॉक्टर आधीच बोलून ठेवलेला असला पाहिजे.

ओवी_सातारा | ४ जून, रात्री ११.४५

रानवारादादा, तुम्ही लिहिलेली शेवटची ओळ मी तीन वर्षांपूर्वी वाचायला हवी होती.

आमची भिंगरी दोन किलोची. आम्हालाही एकच वीण हवी होती, आठवण म्हणून. एक्स-रे काढला नाही, खर्चाचा प्रश्न नव्हता, गरज वाटली नाही. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. साडेअकराला चादरीवर हिरवा डाग पडला, पानाच्या रसासारखा. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. ज्या दवाखान्याच्या भरवशावर होतो त्यांचा फोन लागला नाही. मग पुण्याकडे निघालो. ती माझ्या मांडीवर होती आणि प्रत्येक कळेला माझ्या मनगटाला चाटत होती.

एकच पिल्लू होतं, १८० ग्रॅमचं. डोकं अडकलेलं. सिझर होईपर्यंत ते गेलं होतं. भिंगरी वाचली, त्याच वेळी गर्भाशयही काढलं. घरी आल्यावर तीन दिवस ती खोलीभर शोधत फिरली. मग माझ्या मुलाचा एक मोजा तिने टोपलीत नेला आणि त्याच्याभोवती गोल होऊन झोपायला लागली. तिच्या अंगाला दूध आलं होतं. तो मोजा आम्ही काढून घेतला नाही.

साय एक किलो नऊशेची आहे, ताई. नका लावू.

मृण्मयी_सांगली | ५ जून, सकाळी ६.३०

ओवीताई, रात्रीच वाचलं, उत्तर सुचलं नाही. साय पायाशी झोपली होती.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पण घरात अजूनही तेच चाललं आहे की व्यायली नाही तर पुढे गर्भाशयाचे आजार होतात. त्यांना काय सांगू?

अवधूत_कोथरूड | ५ जून, सकाळी ८.१०

त्यांना सांगा की उलट आहे. एका विणीने गर्भाशयाला भरवशाचं संरक्षण मिळत नाही. वय वाढलेल्या, ऑपरेशन न झालेल्या माद्यांच्या गर्भाशयात पू होतो, तो जीवघेणा असतो, व्यायलेल्या माद्यांनाही होतो. गर्भाशय आणि अंडाशय काढले की तो प्रश्न मिटतो. माजावर असताना मात्र करत नाहीत, रक्तस्राव जास्त होतो, माज ओसरून दोन-तीन महिने जाऊ देतात. तेव्हा आता येणारा माज सांभाळा. तीन आठवडे तिला खाली एकटी सोडू नका, आणि खालच्या मजल्यावरच्यांना स्पष्ट कल्पना द्या.

निशिगंध_गोवा | ५ जून, सकाळी ११.००

खाण्याचं राहून गेलं. वरणाला कांदा-लसणाची फोडणी असेल तर ते बंद, साधं वरण काढून ठेवा. आणि घरात पूजा होते म्हणजे प्रसादही होत असणार. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, दोन किलोच्या जीवाला थोडेही फार झाले. चॉकलेट तर नाहीच. साखर न घातलेल्या च्युइंगममध्ये पुष्कळदा झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, तेही तितकंच वाईट. दूध-पोळीवर पोट भरतं पण अंग भरत नाही, चिकन-अंडं वाढवा किंवा चांगलं तयार खाणं द्या, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. दात बघा. पॉमचे दुधाचे सुळे पुष्कळदा पडत नाहीत आणि नवे शेजारी येऊन उभे राहतात, मध्ये घाण साठते.

पार्थ_ठाणे | ६ जून, दुपारी १.२०

ताई, नाहीच म्हणत असाल तर ठीक, पण लावायचीच ठरली तर माझ्या ओळखीत ब्लू मर्ल नर आहे, पिल्लांना भाव चांगला येतो.

रानवारा_नाशिक | ६ जून, दुपारी २.४५

पार्थ, राग मानू नका, पण मर्ल हा रंग म्हणजे ठिपक्यांचं जनुक आहे. क्रीम रंगाच्या कुत्र्यात ते असलं तरी डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही बाजूंनी आलं तर पिल्लं बहिरी किंवा आंधळी जन्मू शकतात. मी असं एक पिल्लू पाळलं आहे. पायाने फरशी ठोकली की त्या कंपनावर ते जेवायला येतं. विकणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले होते.

मृण्मयी_सांगली | १२ जून, रात्री ९.००

जाऊन आले. डॉक्टरांनी डावा गुडघा दोन बोटांत धरला आणि वाटी आतल्या बाजूला सरकवून दाखवली, मला माझ्या बोटाखाली टक् लागलं. पाय ताठ केला की परत जागेवर. दुसरी पायरी म्हणाले. आनुवंशिक असतं, पिल्लांतही उतरतं. आत्ता ऑपरेशन नको, वजन वाढू द्यायचं नाही, सोफ्यावरून उड्या बंद, फरशीवर सतरंज्या. श्वासनलिकेचा त्रास सुरुवातीचा आहे. वरच्या दोन्ही सुळ्यांशेजारी दुधाचे सुळे तसेच. निशिगंधताई, तुम्ही न बघता सांगितलंत.

घरी येऊन मी ओवीताईंचा प्रतिसाद आईंना वाचून दाखवला. मोज्यापर्यंत आले आणि मला पुढे वाचता येईना. आईंनी चष्मा लावून उरलेलं स्वतः वाचलं. मग म्हणाल्या, "खाली मी सांगते." आणि जाऊन सांगून आल्या.

शेगावकर | १३ जून, सकाळी ७.४०

आईंना माझा नमस्कार सांगा.

मृण्मयी_सांगली | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ७.३०

धागा वर काढते आहे. मागच्या आठवड्यात सायचं ऑपरेशन झालं. त्याच भुलीत दुधाचे दोन्ही सुळेही काढले. टाके कोरडे आहेत. गळ्याभोवतीच्या प्लास्टिकच्या कॉलरमुळे दारांना धडकत होती, म्हणून आईंनी जुन्या परकराचं चार पायांना भोकं पाडलेलं झबलं शिवलं, ते घालून फिरते. खोकला हार्नेसने पुष्कळ कमी झाला. लिफ्टवर अजून भुंकते, पण चार वेळा भुंकून वळून माझ्या खिशाकडे बघते.

खालच्यांनीही त्यांच्या नराचे गुडघे तपासून घेतले. त्याचे दोन्ही सरकतात.

दिवाळी तोंडावर आहे. फटाक्यांचं काय करता तुम्ही सगळे?

अवधूत_कोथरूड | १९ ऑक्टोबर, रात्री ८.१५

वा, फार बरं वाटलं. सातच्या आत फिरवून, जेवू घालून आणायची. घराच्या सर्वांत आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा मोठा आणि टीव्ही चालू. पलंगाखाली शिरली तर ओढून काढू नका. जास्तच घाबरत असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारून औषध आणून ठेवा, घरातली माणसांची गोळी द्यायची नाही. कुणीतरी तिच्याजवळ बसून राहा, एवढं केलंत तरी खूप.

मृण्मयी_सांगली | १९ ऑक्टोबर, रात्री ८.४०

आतली खोली म्हणजे देवघरच आहे आमच्याकडे. आई बसणार आहेत. उदबत्ती जूनपासून बाल्कनीत तुळशीपाशी लावतात, त्यामुळे धुराचीही काळजी नाही.